प्रत आहे, पण परत मिळेल का?

तुमच्या घराजवळच्या किराणा दुकानात उधारीची एक वही असते. कोणाकडून किती येणे आहे, कोणी किती पैसे भरले, सारे तिच्यात लिहिलेले. समजा, एका पावसाळी रात्री दुकानात पाणी शिरले आणि त्या वहीचा लगदा झाला. तांदूळ, साखर, तेल पुन्हा विकत आणता येईल. पण वहीतले आकडे कोणत्या बाजारातून आणणार?

आज बँका, रुग्णालये, रेल्वेचे आरक्षण, परीक्षा मंडळे या सर्वांच्या वह्या संगणकात असतात. हव्या त्या नोंदी चटकन सापडाव्यात अशा रीतीने रचलेल्या या वह्यांच्या संग्रहाला 'डेटाबेस' म्हणतात. ज्या संगणकावर तो ठेवलेला असतो आणि जो रात्रंदिवस जागा राहून इतर संगणकांना माहिती पुरवतो, त्याला 'सर्व्हर' म्हणतात. जगातील अनेक सर्व्हर 'लिनक्स' या कार्यप्रणालीवर चालतात. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. ती विनामूल्य आहे आणि तिच्या आतील रचना कोणालाही पाहता येते.

अशा सर्व्हरवरची वही हरवू नये म्हणून काय करतात? त्यासाठी किती जागा लागते, ती कशी मोजतात? आणि एवढे करूनही वही हरवते ती कशी? आपण एका खऱ्या प्रसंगापासूनच सुरुवात करू.

एका अंकाची चूक

जगभरचे संगणक-प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपले काम जेथे ठेवतात व त्यावर चर्चा करतात, अशी गिटलॅब नावाची एक सेवा आहे. २०१७ मध्ये तिचा डेटाबेस 'पोस्टग्रेस-क्यू-एल' या प्रणालीत ठेवलेला होता. त्यासाठी दोन लिनक्स सर्व्हर होते. एक मुख्य, दुसरा त्याचा सोबती. मुख्य सर्व्हरवर झालेला प्रत्येक बदल सोबती लगेच उतरवून घेई. मुख्य बंद पडला, तर सोबत्याने कारभार हाती घ्यावा, अशी योजना होती.

३१ जानेवारी २०१७ रोजी मुख्य सर्व्हरवर कामाचा ताण अचानक वाढला. बदल इतक्या वेगाने होऊ लागले, की सोबती मागे पडला आणि शेवटी त्याची साथ सुटलीच. रात्री उशिरापर्यंत झटणाऱ्या एका अभियंत्याने ठरवले, की सोबत्यावरची अर्धवट माहिती पुसून टाकावी आणि मुख्य सर्व्हरवरून नव्याने भरून घ्यावी. विचार योग्य होता. परंतु दोन्ही सर्व्हरच्या नावांत फरक होता तो फक्त एका अंकाचा. पडद्यावर दोन्ही खिडक्या सारख्याच दिसत. त्याने पुसण्याची आज्ञा दिली, ती मुख्य सर्व्हरला!

एक-दोन सेकंदांतच चूक त्याच्या ध्यानात आली आणि त्याने आज्ञा थांबवली. तोपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरली होती. (एक इंग्रजी अक्षर साठवायला एक बाइट लागतो, गिगाबाइट म्हणजे असे १०० कोटी बाइट.)

एवढी माहिती क्षणात कशी पुसली गेली, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. पुस्तकातील मजकूर खोडायला वेळ लागतो. पण अनुक्रमणिकेचे पान टरकन फाडता येते. लिनक्सवर फाइल पुसणे हे असे पान फाडण्यासारखे असते. फाइलचे तुकडे कोठकोठे ठेवले आहेत ही नोंद जाते आणि ती जागा 'रिकामी' समजली जाते. मग दुसरी माहिती येऊन तेथे बसू लागते.

"त्यात काय? राखीव प्रत असेलच की!" असे तुम्ही म्हणाल. कंपनीलाही तसेच वाटत होते. राखीव प्रतींचे एकूण पाच उपाय तिने योजले होते. त्या रात्री कळले, की पाचांपैकी एकही भरवशाचा नाही. असे का झाले, हे समजण्यासाठी आधी माहिती राहते कोठे ते पाहू.

तबकडीची गती

माहिती साठवण्याचे नेहमीचे साधन म्हणजे 'हार्ड डिस्क'. हिच्या पेटीत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या एका आसावर गरगर फिरत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावर एक इवलेसे 'शीर्ष' हवेत तरंगत असते. आपल्या केसाची जाडी काही दशसहस्र नॅनोमीटर असते. त्यावरून हे अंतर किती सूक्ष्म आहे याची कल्पना येईल. लेपावरील सूक्ष्म भागांच्या चुंबकत्वाची दिशा म्हणजेच माहितीतील शून्य आणि एक.

१९५६ साली आय-बी-एम कंपनीने असे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या साऱ्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही तेवढी जागा सहज घेते.

आता थोडे गणित करू. सर्व्हरमधील एक सर्वसाधारण तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तेव्हा एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद शीर्षाखाली येण्यासाठी कधी पूर्ण फेरा थांबावे लागेल, कधी मुळीच नाही. सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. त्याआधी शीर्षाला योग्य वर्तुळावर सरकावे लागते. त्याचे साधारण ८ मिलिसेकंद धरा. एकूण झाले १२. म्हणजे तबकडीवरील विखुरलेल्या नोंदी वाचायच्या तर एका सेकंदात फार तर ऐंशीएक वाचून होतील!

उलट, एकापाठोपाठ एक असलेली माहिती वाचताना शीर्षाला धावपळ करावी लागत नाही. तीच तबकडी तेव्हा सेकंदाला १५० मेगाबाइट किंवा त्याहूनही अधिक माहिती देते. (१,००० मेगाबाइट म्हणजे एक गिगाबाइट.) डेटाबेसचे काम मात्र बहुधा विखुरलेल्या नोंदींचेच. एका क्षणी कोल्हापूरचा खातेदार, पुढच्या क्षणी गोंदियाचा. म्हणून सर्व्हरची योजना करताना जाणकार माणूस "जागा किती?" या प्रश्नाबरोबर "सेकंदाला किती नोंदी?" हाही प्रश्न विचारतो. सेकंदाला हजारो नोंदी हव्या असतील, तर फिरणारी तबकडी पुरी पडणार नाही. तेथे ज्यात काहीच फिरत नाही अशी, अर्धवाहक चकत्यांची 'एस-एस-डी' घ्यावी लागते. ती महाग पडते. पण सेकंदाला दहा-दहा हजारांहून अधिक नोंदी वाचते.

रोजकीर्द आणि खतावणी

तुमच्यापैकी कोणाचे दादा-ताई वाणिज्य शाखेत असतील, तर त्यांना विचारा. व्यापारी दोन वह्या ठेवतो. व्यवहार होईल तसा तारीखवार लिहितात ती रोजकीर्द. नंतर सवडीने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खात्यावर तो चढवतात ती खतावणी. रोजकीर्दीत नोंद नेहमी शेवटी होते. पाने चाळावी लागत नाहीत. खतावणीत मात्र प्रत्येक नोंदीसाठी वेगळे पान शोधावे लागते.

डेटाबेस अगदी हेच करतो. एखादा बदल आला, की तो आधी आपल्या रोजकीर्दीत लिहितो. ती नोंद तबकडीवर खरोखर उमटली याची खात्री झाल्यावरच "व्यवहार झाला" असे कळवतो. मूळ खात्यात तो बदल मागाहून चढतो. मध्येच वीज गेली तरी चिंता नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले, की डेटाबेस रोजकीर्द वाचतो आणि राहिलेल्या नोंदी खात्यांवर चढवून टाकतो.

येथे लिनक्सची एक सवय ध्यानात ठेवावी लागते. वेग वाढावा म्हणून लिनक्स लिहायला दिलेली माहिती काही काळ स्मृतीतच धरून ठेवतो; हा काळ साधारण अर्ध्या मिनिटापर्यंत असू शकतो. तेवढ्यात वीज गेली तर ती माहितीही गेली. म्हणून डेटाबेस लिनक्सला बजावतो, की "ही नोंद आत्ताच्या आत्ता तबकडीवर उतरव आणि उतरवल्यावरच मला सांग."

रोजकीर्द शक्यतो वेगळ्या तबकडीवर ठेवतात. त्यामुळे शीर्षाची इकडून तिकडे पळापळ वाचते. शिवाय खतावणीची तबकडी निकामी झाली तरी रोजकीर्द शाबूत राहते. मात्र रोजकीर्दीची तबकडी गच्च भरली, की डेटाबेस कामच थांबवतो. कारण जे लिहून ठेवता येत नाही, त्याला तो "झाले" म्हणणार कसा? अशा वेळी घाबरलेले नवशिके जागा मोकळी करण्यासाठी रोजकीर्दीच्याच फाइली पुसून टाकत आणि सारा डेटाबेस गमावून बसत. पोस्टग्रेस-क्यू-एलमध्ये या फाइलींच्या कप्प्याच्या नावात 'लॉग' हा शब्द होता. लोकांना वाटे, हा निरुपयोगी नोंदींचा कचरा आहे! अखेर २०१७ मध्ये निघालेल्या दहाव्या आवृत्तीत त्या कप्प्याचे नावच बदलण्यात आले.

एक तबकडी गेली तरी

कोणतीही तबकडी कधी ना कधी बिघडणारच. मग अनेक तबकड्यांची टोळी करून एकीच्या जाण्याने काही बिघडू नये, अशी सोय करता येईल का? १९८८ साली अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी या योजनेला 'रेड' हे नाव देऊन तिचे निरनिराळे प्रकार मांडले.

त्यातील युक्ती सोपी आहे. तीन तबकड्यांवर ३५, ४० आणि २५ हे आकडे आहेत. चौथ्या तबकडीवर त्यांची बेरीज लिहा : १००. आता दुसरी तबकडी बिघडली. तिच्यावर काय होते? १०० मधून ३५ आणि २५ वजा करा, उत्तर ४०. हरवलेला आकडा सापडला! प्रत्यक्षात संगणक बेरजेऐवजी फक्त सम-विषम पाहतो. तीन तबकड्यांवरच्या 'एक' या अंकांची संख्या विषम असेल तर चौथीवर १ लिहितो, सम असेल तर ०. तेवढ्यावरून हरवलेला अंक अचूक काढता येतो.

पण फुकट काही मिळत नाही. अशा टोळीत एक बारीकसा बदल करायचा तर जुना अंक वाचा, जुना सम-विषम अंक वाचा, मग दोन्ही नवे लिहा, अशी चार कामे करावी लागतात. शिवाय नवी तबकडी बसवून भरून काढायला वेळ लागतो. ८,००० गिगाबाइटांची तबकडी सेकंदाला १६० मेगाबाइट या वेगाने भरली, तरी ५०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १४ तास लागतील. तेवढ्यात दुसरी बिघडली तर सारेच गेले! म्हणून ज्या डेटाबेसमध्ये सारखी लिहालिही चालते, तेथे पुष्कळदा तबकड्यांच्या सरळ जोड्या लावतात. जोडीतील दोन्ही तबकड्यांवर तेच ते लिहिले जाते. जागा निम्मी मिळते, पण काम झटपट होते.

आरशाची मर्यादा

जोडीची तबकडी काय किंवा सोबती सर्व्हर काय, हे दोन्ही आरसे आहेत. तुम्ही गंध लावले तर आरशातही लागते. पुसले तर आरशातलेही पुसले जाते. कोणी चुकून एखादा तक्ता पुसला, तर आज्ञाधारक आरसा क्षणार्धात आपल्याकडचाही पुसतो. आरसा तबकडीच्या मरणापासून वाचवतो. माणसाच्या चुकीपासून वाचवायला कालची प्रत हवी. ती वेगळ्या जागी ठेवलेली हवी आणि आजच्या आज्ञा तिच्यापर्यंत पोचता कामा नयेत. हिलाच 'बॅकअप' किंवा राखीव प्रत म्हणतात.

राखीव प्रत आणि रोजकीर्द यांची सांगड घातली, की एक सुरेख सोय होते. रविवारी साऱ्या डेटाबेसची प्रत काढली आणि तेव्हापासूनची रोजकीर्द रोज दुसऱ्या यंत्रावर जपून ठेवली. बुधवारी दुपारी ठीक ४ वाजता कोणी महत्त्वाचा तक्ता पुसला. आता रविवारची प्रत घ्या, तिच्यावर रोजकीर्दीतील नोंदी क्रमाने चढवा आणि ३ वाजून ५९ मिनिटांवर थांबा. चूक घडण्याच्या आधीचा डेटाबेस तुमच्या हाती आला!

जागेचे गणित

आता एका काल्पनिक रुग्णालयासाठी आपणच योजना करू. डेटाबेस आज २०० गिगाबाइट आहे आणि दरमहा १० गिगाबाइट वाढतो. तीन वर्षांत ३६० ची भर पडून तो ५६० होईल. तबकडी काठोकाठ भरू द्यायची नाही, असा नियम आहे. मोठ्या याद्या लावताना डेटाबेसला तात्पुरती मोकळी जागा लागते. लिनक्सची 'ई-एक्स-टी-४' ही नेहमीची फाइल-व्यवस्थाही शेकडा ५ जागा व्यवस्थापकासाठी बाजूला राखून ठेवते. म्हणून ७० टक्क्यांपर्यंतच भरायचे ठरवू. ५६० भागिले ०.७ म्हणजे ८०० गिगाबाइट.

आता राखीव प्रती. दर आठवड्याला एक पूर्ण प्रत आणि चार आठवड्यांच्या प्रती हाताशी. ५६० गुणिले ४ म्हणजे २,२४०. रोजकीर्द दिवसाला ५ गिगाबाइट धरली, तर २८ दिवसांची १४०. एकूण झाली २,३८० गिगाबाइट. म्हणजे मूळ माहितीच्या चौपटीहून अधिक जागा केवळ राखीव प्रतींना हवी! प्रती आवळून ठेवल्या तर ती पुष्कळ कमी होते हे खरे; पण अंदाज बांधताना हा आकडा विसरणारे पुष्कळ असतात. मग जागा संपते आणि एके रात्री प्रत निघायची गुपचूप थांबते.

जागेआधी दोन प्रश्नांची उत्तरे रुग्णालयाकडून लेखी घ्यावीत. संकट आले तर किती वेळाच्या नोंदी गमावणे परवडेल? आणि किती वेळ काम बंद राहिले तर चालेल? रोज रात्री एकच प्रत काढणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की संध्याकाळी घात झाला तर दिवसभराच्या साऱ्या नोंदी गेल्या.

ती प्रत उघडून पाहिली होती का?

आता आपण गिटलॅबच्या त्या रात्रीकडे परत येऊ. सोबती सर्व्हर आधीच पुसलेला होता, म्हणून तो निरुपयोगी. तो मागे का पडला, हेही आता तुम्हांला कळेल. त्याने उतरवून घेण्याआधीच मुख्य सर्व्हरने रोजकीर्दीची जुनी पाने काढून टाकली होती आणि ती पाने दुसरीकडे जपून ठेवण्याची सोय सुरू केलेली नव्हती.

दुसरा उपाय म्हणजे रोजची पूर्ण प्रत. ती दूरच्या साठवणीत जाई. तेथे पाहिले तर काहीच नाही! डेटाबेस ९.६ या आवृत्तीचा होता आणि प्रत काढणारे साधन चुकून ९.२ या जुन्या आवृत्तीचे चालत होते. ते दरवेळी चूक दाखवून थांबत असे. चूक झाल्याचे ई-पत्रही निघत असे. पण त्या पत्रावर खरेपणाची आवश्यक ती खूण नसल्याने टपाल घेणारा सर्व्हर ते नाकारत असे. दवंडी पिटणारा ओरडत होता, पण त्याचा आवाज वेशीबाहेरच अडत होता.

ज्या कंपनीची यंत्रे भाड्याने घेतली होती, तिच्याकडे साऱ्या तबकडीचे 'क्षणचित्र' घेण्याची सोय होती. ती दुसऱ्या सर्व्हरांसाठी चालू होती. डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी मात्र नव्हती.

अखेर उपयोगी पडला तो योगायोग. लिनक्समध्येच तबकडीचे क्षणचित्र घेण्याची एक सोय आहे. असे चित्र चोवीस तासांतून एकदा निघे. पण त्याच अभियंत्याने दुसऱ्या एका कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने एक जादा क्षणचित्र घेतले होते आणि ते चाचणीच्या यंत्रावर होते. ते नसते तर आणखी कितीतरी तासांच्या नोंदी गेल्या असत्या. चाचणीच्या यंत्राच्या तबकड्या मंद होत्या, त्यामुळे प्रत वाहून आणतानाच बहुतेक वेळ गेला. सारे काम सुमारे १८ तास चालले. तुम्हीच भागाकार करा. ३०० गिगाबाइट भागिले १८ तास म्हणजे सेकंदाला पाच मेगाबाइटदेखील नाहीत!

लोकांनी लिहिलेले मूळ प्रोग्रॅम वेगळ्या जागी असल्याने ते वाचले. परंतु डेटाबेसमधील सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. त्यांत अंदाजे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती होती. कंपनीने एक गोष्ट मात्र मोठ्या मनाने केली. आपल्या चुकीची टिपणे तिने सर्वांसमोर ठेवली आणि दुरुस्तीचे काम चालू असताना ते जगाला थेट दाखवले. म्हणूनच तर आज आपण त्यातून शिकू शकतो.

मला हा वृत्तान्त वाचताना माझे एम्‌. एस्सी.चे दिवस आठवले. प्रकल्पाची मोजमापे मी प्रयोगशाळेतील एका संगणकावर भरली होती आणि त्यांच्या फ्लॉपीवर तीन प्रती काढल्या होत्या. तीन प्रती असल्यावर भीती कसली? सुटीत तो जुना संगणक मोडीत निघाला. परत येऊन दुसऱ्या संगणकात फ्लॉपी घातली, तर वाचता येईना. दुसरी, तिसरी, तीच गत! जुन्या यंत्राचे शीर्ष आपल्या जागेवरून किंचित सरकलेले होते. ते जे लिही, ते त्यालाच काय ते वाचता येई. इतर यंत्रांच्या दृष्टीने त्याच्या रेषा आडवाटेला पडलेल्या. तीन प्रती मी काढल्या होत्या, पण एकही दुसऱ्या यंत्रात उघडून पाहिली नव्हती. मला वाचवले ते पेन्सिलीने लिहिलेल्या कच्च्या वहीने. तीच माझी रोजकीर्द. आठ रात्री जागून सारे आकडे पुन्हा भरले.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे, की प्रत काढली म्हणजे काम निम्मेच झाले. ती दुसऱ्या यंत्रावर उघडली, मूळ माहितीशी ताडून पाहिली आणि त्याला किती वेळ लागला हे घड्याळ लावून मोजले, म्हणजे ते पुरे झाले. चांगल्या सर्व्हर-व्यवस्थापकाच्या दिनदर्शिकेत अशा तालमीचा दिवस ठरलेला असतो. आग लागण्याआधी जशी कवायत, तशीच ही.

तुम्ही काय कराल?

राखीव प्रतींसाठी ३-२-१ असा एक सुटसुटीत नियम आहे. माहितीच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि १ प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. एकाच इमारतीत ठेवलेल्या तिन्ही प्रती एकाच पुरात जातात.

घरी करून पाहण्याजोगे दोन प्रयोग सांगतो. पहिला प्रयोग : कागदाच्या चार चिठ्ठ्या घ्या. तिघांवर आठ-आठ अंकांची, फक्त ० आणि १ यांची ओळ लिहा. चौथीवर प्रत्येक स्थानासाठी वर सांगितल्याप्रमाणे सम-विषम अंक लिहा. मित्राला कोणतीही एक चिठ्ठी लपवायला सांगा आणि उरलेल्या तिघींवरून ती लिहून दाखवा. मग दोन चिठ्ठ्या लपवायला सांगा आणि काय अडचण येते ती पाहा.

दुसरा प्रयोग अधिक महत्त्वाचा. घरातील मोबाइलमधली छायाचित्रे, आजी-आजोबांचे जुने फोटो, ताईचा शाळेचा प्रकल्प यांच्या प्रती कोठे आहेत, याची आईबाबांबरोबर बसून एक यादी करा. "आहे कुठेतरी" असे उत्तर आले, तर त्यापुढे प्रश्नचिन्ह घाला. मग त्यातील एक फाइल निवडा, मोबाइल बाजूला ठेवा आणि ती फाइल केवळ राखीव प्रतीवरून दुसऱ्या एखाद्या यंत्रावर उघडून दाखवा. किती मिनिटे लागली, हे यादीत लिहून ठेवा. उघडलीच नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. मूळ फाइल अजून मोबाइलमध्ये सुखरूप आहे. आजच नवी प्रत काढा आणि या वेळी ती उघडून पाहा.